कडक एफएमवर मालती

देवदत्तने त्या सकाळी रेडिओ स्टेशनला फोन लावायचं ठरवलं, ते हनुवटी कापल्यामुळे.

देवदत्त म्हणजे सोलापुरातल्या एका कॉलेजचा हेडक्लार्क. रोज सकाळी 'मोगरा एफएम'वर जुनी भावगीतं लावून दाढी करायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी त्याने बटण दाबलं, गालावरून रेझर खाली आणला आणि मोगऱ्याच्या जागी असा काही ढोल वाजला की रेझर थेट हनुवटीत! वर एक पोरगी किंचाळली, "मोगरा झाला जुना, आता ऐका कडक एफएम! फक्त नवं, फक्त दणकेबाज!"

"दुसरं स्टेशन लावा की," त्याची बायको मालती भाकरी थापता थापता म्हणाली.

"प्रश्न तत्त्वाचा आहे!" देवदत्त गरजला. (तत्त्व हनुवटीतून गळत होतं.)

एका हाताने कापूस धरायचा होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पलीकडून ती मघाचीच पोरगी, पायल, काहीतरी लाइव्ह-लाइव्ह म्हणाली. फोन नीट ऐकू यावा म्हणून मालतीने हळूच रेडिओचा आवाज बंद केला, पण देवदत्तला कशाचंच भान नव्हतं.

"बाई, तुम्ही गावाचे कान नासवताय! गाणं म्हणजे काय, माहीत आहे?"

"नाही ना काका. तुम्हीच गाऊन दाखवा की!"

एवढा आग्रह झाल्यावर (एकदाच झाला होता) देवदत्तने डोळे मिटून आलाप घेतला. तो वर चढला, तिथे अडकला आणि खोकल्यात संपला. पुढचा शब्द काही आठवेना.

"अहो, राहू द्या," मालती म्हणाली आणि नवऱ्याची लाज झाकावी म्हणून भाकरीच्या थापेवर स्वतःच गाऊ लागली:

"नातेपुत्याच्या वाटेला धूळ कशाची उडाली,
माझ्या बंधूची फटफटी चिंचेखाली ग थांबली..."

देवदत्तच्या हातातला कापूस कधी खाली पडला, ते त्याला कळलंच नाही. बावीस वर्षांच्या संसारात त्याने या आवाजात फक्त "डबा विसरलात" एवढंच ऐकलं होतं.

गाणं संपायच्या आत शेजारच्या सुंदरम्मा धावत आल्या. "अवो मालतीताई, तुमी रेडिओत हाय की! आमच्या गल्लीत समदी चहा सोडून ऐकायलेत!"

"रेडिओत?" मालतीने पिठाचा हात तोंडावर ठेवला. "अग बाई, आणि मी फटफटी म्हणाले!"

त्या दिवशी देवदत्त ऑफिसात गेला तो छाती काढूनच. होटगीहून येणारा शिपाई धुळाप्पा म्हणाला, "सायेब, वैनींचा आवाज लई ग्वाड!" देवदत्तने ते वाक्य त्याच्याकडून प्रिन्सिपॉलांसमोर पुन्हा म्हणवून घेतलं.

दुपारी कडक एफएमचा फोन आला. लोकांनी फोन करकरून भंडावलं होतं. रोज सकाळी अर्धा तास जुनी गाणी परत लावायची ठरली होती आणि पहिल्या दिवशी मालतीताईंनी यायचं होतं.

मालती घाबरली. "मला नाही जमायचं. तिथं भाकरी कुठं असते?"

"मी आहे ना!" देवदत्त म्हणाला. त्याने नवा शर्ट घेतला, तिला इरकल नेसायला लावली आणि रिक्षावाल्यालाही ही कोण आहे ते सांगितलं.

स्टुडिओत पायलने त्याला काचेबाहेर उभं केलं. आतलं अवाक्षर ऐकू येत नव्हतं, पण मालती डोळे मिटून गाताना दिसत होती आणि देवदत्तचे डोळे भरून आले होते.

गाणं संपलं. आत पायलने विचारलं, "ताई, घरी रोज गाता?"

"रोज गाते की. पण हे ऑफिसला गेल्यावर."

"का? काकांना आवडत नाही?"

"गाणं लई आवडतं हो. मग तेही गायला लागतील."

आतली सगळी मंडळी खो खो हसत काचेकडे वळली. देवदत्तने शर्टाची कॉलर नीट केली आणि त्या सगळ्यांना दोन्ही हात जोडून, अत्यंत अभिमानाने नमस्कार केला.