गावड्यांचा पॉइंट

गावडे कुठल्याही हॉटेलात शिरले की बसण्याआधी टेबल हलवून बघतात. दोन बोटं टेबलाच्या कडेवर ठेवायची, किंचित दाबायचं आणि डोळे मिटायचे. टेबल डुगडुगलं की खिशातून पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा निघतो आणि गावडे टेबलाखाली जातात. दादरला आमच्या ऑफिसशेजारच्या हॉटेलातला वेटर ते वर येईपर्यंत ऑर्डर घ्यायला येतच नाही. एकदा ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात ते असेच जेवणाच्या टेबलाखाली शिरले, तर मुलाकडच्या मंडळींना वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. दोघं-तिघं पाणी घेऊन धावले. गावडे खालूनच म्हणाले, "पाणी नको. जरा टेबल उचला."

या माणसाला जगात हललेलं काही चालत नाही. त्याला कारण त्यांचं काम.

आमचं ऑफिस ड्रोनने नकाशे करतं. ड्रोन वरून ढीगभर फोटो काढतो, ते मी कॉम्प्युटरवर जोडते आणि त्यांचा एक सलग नकाशा होतो. पण आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, हे त्या फोटोंना धड ठाऊक नसतं. म्हणून आधी रस्त्यावर, मैदानात, गच्च्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या खुणा रंगवायच्या, प्रत्येक खुणेवर तिवई उभी करून उपग्रहांकडून जागा घेणाऱ्या यंत्राने ती खूण मोजायची, आणि शिंपी कापडाला टाचण्या लावतो तसा मी नकाशा त्या खुणांवर टाचायचा. या खुणांना आम्ही पॉइंट म्हणतो. पॉइंट चुकला की नकाशा चुकला, आणि मोजताना तिवई हलली की पॉइंट चुकला. एवढ्याशा गोष्टीवर गावड्यांनी आपला अख्खा स्वभाव उभा केलाय.

यंत्र चालू करण्याआधी ते गाऱ्हाणं घालतात. अगदी कोकणातल्या देवळात घालतात तसं, फक्त नारळाऐवजी हातात मोजपट्टी. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान हयसर यंत्र उभा केल्यान हा, त्येका वरच्या सगळ्यांची नजर गावू दे, कोण हलवूक इलो तर त्येची बुद्धी फिरव रे म्हाराजा." यावर आजूबाजूच्या सर्वांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं नाही तर गावडे थांबतात, मान वळवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. परळच्या एका टॉवरवर वॉचमन उत्तर प्रदेशातल्या बलियाचा होता. दुसऱ्या खेपेला त्यानेही इतका खणखणीत "व्हय म्हाराजा" दिला, की गावड्यांनी त्याला चहा पाजला.

मग फर्मान सुटतं, "हलायचं नाही." यंत्र मोजत असेपर्यंत गच्चीवर कुणी चालायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत आणि शक्यतो शिंकायचं नाही. बोलल्याने तिवई हलत नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "बोलणारा माणूस हातवारे करतो, मॅडम," असं त्यांचं उत्तर. गिरगावात एका बाईंनी खालच्या मजल्यावर मसाला कुटायला घेतला, तेव्हा गावडे जिना उतरून गेले आणि काम होईपर्यंत बाईंचा बत्ता मांडीवर घेऊन दारात बसून राहिले. बाईंनी पोलिसांना बोलावण्याची भाषा केली. गावड्यांनी नंतर मसाल्याचं कौतुक केलं आणि प्रकरण एका पुडीवर मिटलं. ती पुडी ऑफिसात आमच्या डब्यांना बरेच दिवस पुरली.

हरले ते एकदाच, कफ परेडच्या मच्छीमार नगरात. त्यांनी वाळवणाच्या ओट्यावर छान स्वच्छ पॉइंट रंगवला आणि चहाला गेले. परत येतात तो त्यावर जवळा पसरलेला. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. गावड्यांनी नकाशाचं, विज्ञानाचं, देशाच्या प्रगतीचं महत्त्व सांगून बघितलं. बाई म्हणाली, "तुजा चौकोन सुकाचा हाय काय? माजी मासली सुकाची हाय." गावड्यांनी मुकाट दुसरी जागा शोधली. तिच्या बोलण्यात खोट काढता येईना, हे त्यांना फार लागलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी टेबलसुद्धा तपासलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याने पॉइंट केला त्याने फोटोत यायचं नाही. ड्रोन उडायच्या आत गावडे पाण्याच्या टाकीमागे, जिन्यात, कुठे ना कुठे गडप. आमच्या नकाशांमध्ये इतर सर्व्हेवाल्यांची डोकी सापडतात, एकाची तर वडापाव खाताना सापडली होती. गावडे कधीच नाहीत. तसं त्यांचं डोकं आम्हीही कधी पाहिलेलं नव्हतं. त्यावर बारा महिने पांढरी टोपी.

गेल्या वर्षी लालबागच्या एका चाळीचं काम आलं. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता आणि त्याआधी तिचा शेवटचा नकाशा हवा होता. गावडे राहायचे तीच ही चाळ. साहेबांनी विचारलं, दुसऱ्या कुणाला पाठवू का. गावडे म्हणाले, "पॉइंट म्हणजे पॉइंट, साहेब. माझा काय नि दुसऱ्याचा काय."

आणि मग काम पुढे सरकेना. सगळे पॉइंट झाले, चाळीच्या गच्चीवरचा तेवढा राहिला. एकदा म्हणे समोरच्या टॉवरने आकाश झाकलं. एकदा म्हणे गच्चीच थरथरते. साहेब वैतागले आणि जरा बघून या म्हणून त्यांनी मला पाठवलं.

गच्ची थरथरत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर गावड्यांच्या खोलीत त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई-बाप लवकर गेल्यावर याच खोलीत आक्कांनी गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. त्या जेवणांवर धाकट्याला शिकवलं, स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. आता पाठीतून वाकल्या होत्या, गुडघे गेले होते, आणि त्या चाळ सोडायला तयार नव्हत्या. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून भाड्याच्या जागेत गेली. गावड्यांनीही भांडुपला दोघांसाठी खोली घेऊन ठेवली होती. ते रोज संध्याकाळी घरी येऊन भांड्यांची गाठोडी बांधत. सकाळी ते ऑफिसला निघाले की आक्का गाठोडी सोडत, भांडी घासत आणि पुन्हा फळीवर लावत. हे मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं, आणि आपण बरोबर आहोत याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

"तू जा," आक्का माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या. "माका खंय जावचा नाय."

मी विषय बदलायला नकाशाचं सांगितलं. ड्रोन एकच जागा पुन्हा पुन्हा टिपतो. जे स्थिर असतं ते नकाशात येतं. चालणारा माणूस एका फोटोत इथे असतो, दुसऱ्यात तिथे, मग कॉम्प्युटर गोंधळतो आणि त्याला पुसून टाकतो. माझ्या एका नकाशात मासळीबाजाराजवळ नुसती टोपली आहे, ती डोक्यावर घेणारी बाई नाही. आक्कांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. मग भावाकडे वळल्या. "माका सोडून चाळीचो फोटो काढतलस?"

गावड्यांनी नियम सांगितला, पॉइंटजवळ माणूस चालत नाही. आक्का म्हणाल्या, तिथे चाळभर माणसं राहिली तेव्हा तुझा पॉइंट कुठे होता. जिना उतरताना गावड्यांनी मला विचारलं, माणूस नीट स्थिर बसला तर नकाशात येतो ना नक्की. मला वाटतं, फोटो झाला की आक्का चाळ सोडायला तयार होतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

ड्रोन उडाला त्या दिवशी मी ऑफिसात होते. पुढचं मला ड्रोनवाल्याने सांगितलं. गच्चीवरचा पॉइंट सकाळीच मोजून झाला. मग गावडे आणि दोन माणसांनी आक्कांना खुर्चीत बसवून गच्चीवर नेलं. गच्चीची फरशी उंचसखल, खुर्ची डुगडुगली. गावड्यांनी चारही पायांखाली पुठ्ठे सारले, आक्कांच्या निऱ्या सारख्या केल्या आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा देवा म्हाराजा" म्हणाले आणि पुढचं त्यांना येईना. तेव्हा आक्कांनीच बसल्या बसल्या "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं. मग गावडे आक्कांना "हलायचा नाय" असं बजावून टाकीमागे गेले.

खाली आल्यावर आक्कांनी विचारलं, फोटो झाला ना, आणि भात टाकला. गाठोडी दुसऱ्या दिवशीही सुटलीच.

दोन दिवसांनी माझा नकाशा तयार झाला. गावडे माझ्या मागे येऊन उभे राहिले. चौकोन नेमका जागेवर होता. त्याच्या शेजारी खुर्चीत आक्का होत्या, पांढरे केस, हिरवं लुगडं, काठसुद्धा दिसत होता. गावडे खूश झाले. मग त्यांची नजर थबकली. "हिचा उजवा हात कुठे?"

खरंच, हात नव्हता. खांद्यापर्यंत आक्का स्वच्छ होत्या आणि पुढे नुसती फरशी. म्हणजे बाकी आक्का हलल्या नव्हत्या, तेवढा हात हलला होता. मी त्या जागेचे मूळ फोटो एकामागून एक उघडले. पहिल्यात गावडे टाकीमागे, टोपीचं टोक तेवढं दिसतंय. पुढच्यात ते टाकीच्या अलीकडे. त्याच्या पुढच्यात खुर्चीपाशी खाली बसलेले. मग टोपी हातात. आणि मग ते बहिणीच्या मांडीवर डोकं टेकून बसलेत आणि आक्कांचा उजवा हात त्यांच्या कपाळावरच्या केसांत आहे. कॉम्प्युटरने हलणारे गावडे इमानदारीने पुसले होते, आणि त्यांच्याबरोबर तो हातही.

मी कामाचंच बोलले. म्हटलं, दुरुस्त होईल, त्या जागेपुरता हवा तो एक फोटो बसवता येतो. पहिला घेतला तर हात खुर्चीच्या दांडीवर येईल, अगदी नीटनेटका. शेवटचा घेतला तर तुम्हीही याल. गावड्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "शेवटचा घ्या," म्हणाले. साहेब विचारतील, मी म्हटलं. "विचारू द्या."

साहेबांनी विचारलं, आणि गावड्यांनी ती आपली बहीण असल्याचं आणि दुसरा माणूस आपण असल्याचं सांगितलं. साहेबांनी चाळ बरोबर आहे ना एवढंच पाहिलं आणि नकाशा पुढे पाठवला.

गच्चीपुरता भाग मी मोठा करून छापला. माझा मॅडम म्हणून काही उपयोग होईल अशा आशेने गावडे मला घेऊन आक्कांकडे गेले. आक्कांनी चष्मा लावला. आधी टाकी ओळखली, मग जिन्याचं तोंड, मग स्वतःला. स्वतःकडे पाहून त्या समाधानाने हसल्या. मग बोट खाली आलं.

"ह्यो टकलो कोण?"

गावड्यांचे पुढचे केस दाट आहेत. टक्कल आहे ते मागे, टाळूवर, चांगलं बशीएवढं. ते उंच, बहीण वाकलेली. धाकट्या भावाची टाळू तिने तो लहान असताना तेल घालायला शेवटची पाहिली असणार. गच्चीवर तिच्या डोळ्यांना चष्मा नव्हता, आणि हलायचं नाही म्हणून मान समोरच होती.

"मीच तो," गावडे म्हणाले.

आक्कांनी त्यांना खाली बसायला लावलं आणि हाताने मान वाकवून स्वतः बघितलं. कागदावर बघितलं, पुन्हा डोक्यावर बघितलं. बराच वेळ त्यांनी तळवा तिथेच ठेवला.

"इतको म्हातारो कधी झालस रे?" त्या म्हणाल्या. "आणि एकटो जावन जेवणाचा काय करतलस?"

आक्का भिंतीला धरून उठल्या. फळीजवळ गेल्या, खाणावळीच्या भाताचा मोठा टोप दोन्ही हातांनी ओढून काढला आणि भावापुढे ठेवला.

"ह्यो आधी बांध," त्या म्हणाल्या.