वळसंगची पेशी

दगडालाही सायन्स समजावून सांगेन, असं मी त्या काळी चारचौघांत बिनधास्त सांगत असे. साल एकोणीसशे शहात्तर. सोलापूरच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापक शिकवायचे आणि मुलांच्या हातून काचा फुटू नयेत म्हणून मी शेजारी उभा राहायचो. नोकरी तात्पुरती होती. कायम व्हायचं तर प्राचार्यांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करायला हवं होतं, आणि ते काय करायचं हे मला सुचलंही होतं. खेड्यातल्या माणसांना जिवंत पेशी दाखवायची. प्रत्येकाला त्याची स्वतःची.

आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई ईश्वरप्पा वळसंगचे. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. त्यांना विचारलं, "लोक येतील का हो बघायला?"

"येतील की," ईश्वरप्पा म्हणाले. "रविवारी गावात दुसरं हाय काय बगायला?"

मी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. 'उद्या सकाळी दहा वाजता शाळेत सोलापूरचे सर जिवंत पेशी दाखवतील. ज्याला त्याला आपापली पेशी पाहायला मिळेल.' हा कागद ईश्वरप्पांनी गावचा कोतवाल धुळा याला द्यायचा आणि धुळानं दवंडी पिटायची, असं ठरलं. कॉलेजचा नवा मायक्रोस्कोप मी सही करून घेतला. देताना प्राचार्य म्हणाले, "याला काही झालं तर तुम्ही कायमचे व्हाल. घरी."

रविवारी सकाळी एसटीत ती पेटी मी बाळंतिणीनं मूल धरावं तशी मांडीवर धरली होती. कंडक्टरनं तिकीट दिलं ते दातात धरलं, पण पेटीवरचा हात काढला नाही.

शाळेपुढं उतरलो आणि पाहतच राहिलो. दोनशेच्या वर माणूस. धुतलेली धोतरं, डोक्याला पटके, प्रत्येकाच्या काखेत कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांच्या गुंडाळ्या. एकानं तर शेळी आणली होती. माझा ऊर भरून आला. शेळीचीसुद्धा पेशी बघायची दिसते, म्हटलं. जिज्ञासा असावी तर अशी. व्हरांड्यात टेबलावर हिरवं कापड अंथरलं होतं, खुर्चीवर घडी घातलेली वाकळ होती. मी खुर्चीवर बसलो तशी सगळी माणसं उभी राहिली आणि मी हात केल्यावर खाली बसली. कॉलेजात मी बसलो काय आणि पडलो काय, कोणी मान वर करून बघत नसे.

धुळा टेबलाशेजारी ताठ उभा राहिला आणि ओरडला, "निंगव्वा मल्लप्पा हाजिर हो."

पाळीपाळीनं सोडायची ही पद्धत मला आवडली. साठीच्या आसपासची एक बाई पुढं आली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेलं इरकल लुगडं. तिनं टेबलावरच्या माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "शिवाच्यान खरं सांगीन, खोटं सांगनार न्हाय."

विज्ञानाबद्दल इतका आदर मी शहरात पाहिला नव्हता.

"बसा निंगव्वा," मी म्हटलं. "पेशी म्हणजे काय, ते माहीत आहे का तुम्हाला?"

"न माहीत असाया काय झालं, सायेब? अकरा वरसं झाली. माज्या पेशीत सगळं भांडान भिंतीचं हाय."

मी चमकलो. पेशीभित्तिका म्हणजे आमच्याकडं अकरावीला येते. "वा. पण निंगव्वा, तुमच्या पेशीला भिंत नसते."

"नव्हतीच की," ती उसळून म्हणाली. "आदी नव्हतीच. हेच तर मी सोलापुरात सांगून सांगून थकले."

"भिंत असते ती झाडांच्या पेशीला."

"झाड बी हाय. लिंबाचं. ते त्येच्या अंगाला गेलं."

"कोणाच्या?"

"हेच्या. माज्या दिराच्या," असं म्हणून तिनं गर्दीतल्या एका जाड मिशीच्या गृहस्थाकडं बोट केलं. "ह्यो वीरभद्रप्पा. माजं मालक गेलं आन् सा म्हैन्यांत ह्येनं परसात भिंत घातली. आड दोगांचा, सासऱ्यानं खांदलेला. आन् मी पान्याला जायाचं गावाला येडा मारून."

वीरभद्रप्पा उठले. त्यांच्या मागं त्यांचे चार साक्षीदारही उठले. इतक्यात ईश्वरप्पा माझ्या कानाशी वाकले. त्यांचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला होता.

"सर, जरा घोटाळा झालाय. धुळाला वाचता येत न्हाय. मी तोंडी सांगितलं, त्येनं आपल्या मनानं दवंडी दिली."

"काय दिली?"

"सोलापूरचं सायेब शाळंत पेशी घेनार. ज्याची त्याची पेशी हितंच निकाली निघंल."

आता तुम्हाला कळलं असेल. मला तेव्हा कळायला अर्धं मिनिट लागलं. कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. ही माणसं कांद्याची साल बघायला आली नव्हती. न्यायाधीश स्वतः गावात आला, आता तारखांचे हेलपाटे संपले, या आशेनं आली होती. शेळी ही शेळी नव्हती, दुसऱ्याच्या कडब्यात सापडलेला मुद्देमाल होता.

पळून जावं असं मनात आलं. पण पेटी जड होती आणि एसटी दीडची होती. मी उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. मी न्यायाधीश नाही. मास्तरसुद्धा पुरता नाही. माझी पेशी वेगळी.

मग शेळीवाला म्हणाला, "म्हंजे आमी येडं म्हनून आलाव का?" वीरभद्रप्पांचे साक्षीदार हसायला लागले. निंगव्वा मात्र जागची हलली नाही. पिशवीतले कागद तिनं एकेक करून परत आत घातले. अकरा वर्षांच्या त्या कागदांकडं बघताना मला माझ्या कायम नोकरीच्या हावेची फार लाज वाटली.

"मग तुमी काय दावाया आलाव?" तिनं विचारलं.

"माणूस, झाड, शेळी, सगळं ज्या बारीक बारीक घरांचं बनलंय, ते घर."

"दावा मग. लुगडं धुऊन, वाट तुडवत आले मी. रित्या डोळ्यानं जानार न्हाय."

मी हिरव्या कापडावर मायक्रोस्कोप मांडला. वीज नव्हतीच, खालचा आरसा फिरवून ऊन आत घेतलं. ईश्वरप्पांच्या घरून कांदा आला. त्याची पातळ साल काचेवर घेऊन आयोडीनचा थेंब टाकला. निंगव्वा वाकली. एक डोळा मिटायला सांगावं लागलं नाही. सुईत दोरा ओवून ओवून तिला सवय असावी. ती इतका वेळ बघत राहिली, की मागचे लोक टाचा उंचावू लागले.

"अय्यो शिवने," ती हळूच म्हणाली. "वाडीच हाय की ही. वळीनं घरं. आन् हर घरात एक देव मांडलाय."

पाच वर्षं मी प्रॅक्टिकलला मुलांना पेशीकेंद्रक समजावत होतो. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. "त्या देवाच्या हुकमानंच घर चालतं," मी म्हटलं. "काय बनवायचं, काय मोडायचं, सगळं तिथं ठरतं."

मग मी रंग न लावलेली लाल कांद्याची जिवंत साल घेतली आणि कडेनं मिठाचं पाणी सोडलं. बघता बघता घरातला जांभळा ऐवज आक्रसला आणि भिंतीपासून सुटला.

"कैरीला मीठ लावल्यावानी," निंगव्वा म्हणाली. "पानी सुटलं."

"आता बघा." मी कागदानं खारं पाणी शोषून घेतलं आणि साधं पाणी सोडलं. थोड्या वेळानं जांभळं पुन्हा फुगून कडेला टेकलं. तिनं डोळा न काढताच माझा हात घट्ट धरला.

"जित्तं हाय ते. पानी पिलं." मग तिनं मान वर केली. "पर आत गेलं कुटनं? दार तर दिसंना."

"घराला आतून एक नाजूक आवरण असतं. त्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक वाटा असतात. त्यांतून पाणी जातं-येतं."

"त्या वाटा कुनी मुजवल्या तर?"

"पेशी मरेल," मी म्हटलं, आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळं गाव वीरभद्रप्पांकडं बघतंय.

वीरभद्रप्पा मिशीवरून हात फिरवत पुढं आले. "ते कांद्याचं झालं. मानसाचं काय?"

माणसाचंही दाखवणं भाग होतं. निंगव्वा आणि वीरभद्रप्पांना आधी चूळ भरायला लावली, मग दोघांच्या गालाच्या आतून काडीनं हलकंसं खरवडून दोन काचांवर घेतलं, मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकला. सुंदर आल्या पेशी. फिकट निळी पातळ पानं आणि मधोमध गडद ठिपका. फक्त काचांवर नावं लिहायची राहिली, आणि ईश्वरप्पांनी टेबल पुसताना दोन्ही उचलून परत ठेवल्या.

"ही चांगली हाय. ही माजी," एक काच बघून वीरभद्रप्पा म्हणाले.

"काय बी. ती माजी हाय," निंगव्वा म्हणाली.

"सायेब, तुमीच सांगा," वीरभद्रप्पा माझ्याकडं वळले.

मी दोन्ही काचा चार-चार वेळा पाहिल्या. "सांगता येणार नाही. दोन्ही सारख्याच आहेत."

"बाईची कंची, बाप्याची कंची, ते बी न्हाय? धाकल्याची-थोरलीची न्हाय?"

"मला तरी नाही कळत."

वीरभद्रप्पा पुन्हा वाकले. या खेपेला बराच वेळ. उठले तेव्हा आवाज उतरला होता. "मानसाच्या पेशीला भिंत हाय का?"

"नाही. नुसतं आवरण."

गर्दीतून "लिवून घ्या, लिवून घ्या" असं सुरू झालं. मी म्हणत होतो की मी फक्त पेशीबद्दल बोलतोय, पण ऐकतो कोण? धुळानं माझीच वही माझ्यापुढं सरकवली. त्यानंतर मी जे जे शिकवलं त्याचं कलम झालं.

"दार पाडतो," वीरभद्रप्पा म्हणाले. "पर सायेब, ते आवरन काय बी आत सोडतं का?"

"नाही. निवडून सोडतं. हवं ते आत, नको ते बाहेर."

"मग वैनी आन् घागर आत. वैनीच्या शेळ्या न्हाय."

"बरं," निंगव्वा म्हणाली. "आन् सायेब, घरातली घान कुटं जाती?"

मी जीभ चावणार होतो, पण शास्त्र ते शास्त्र. "आवरणातूनच बाहेर."

"ऐकलासा न्हवं, वीरभद्रप्पा? माज्या मोरीचं पानी तुमच्या अंगानं जाईल."

वीरभद्रप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पेशीतल्या तंतुकणिका हे तिचं वीजघर, हा भाग मी गाळूनच टाकला. त्या गावात अजून निम्म्या घरांत वीज नव्हती, आणि तो वाद मला झेपला नसता.

शेवटी दोघांचे अंगठे हवे झाले. शाईची डबी नव्हती. ईश्वरप्पांनी मिथिलीन ब्लू पुढं केला. तो काय लवकर निघत नाही. कोर्टात त्या कागदाला काय किंमत असेल ती असो, पण पुढचे पंधरा दिवस दीर-भावजय दोघंही निळा अंगठा घेऊन गावात फिरत होती, आणि अख्ख्या गावाला रोज दिसत होतं की काहीतरी कबूल झालंय. भिंतीत दार पडलं. ईश्वरप्पांनी स्वतः मोजून सांगितलं: दोन हात रुंद, एक बाई आणि एक घागर. त्या दारातून निंगव्वा पहिलं पाणी घेऊन आली तेव्हा दिरानंच घागर उचलून दिली म्हणे. ते ऐकून मी दोन दिवस प्रॅक्टिकलला इतकं चांगलं शिकवलं, की प्राध्यापकांनी दारात उभं राहून ऐकलं.

प्राचार्यांना मी हे सगळं अहवालात लिहून दिलं. एक प्रसंग तेवढा गाळला.

आणखी दहा-बारा जणांना त्यांची त्यांची पेशी दाखवून सगळं आटोपल्यावर मी मायक्रोस्कोप पेटीत घालू लागलो, तेव्हा निंगव्वा म्हणाली, "सायेब, समद्यांची बगितली. तुमची कुटं हाय?"

खरं सांगतो, मी माझी पेशी कधी पाहिलीच नव्हती. मुलांच्या पाहिल्या होत्या, बेडकाच्या पाहिल्या होत्या, फळ्यावर हजार वेळा काढली होती. मी ऐटीत गाल खरवडला, थेंब टाकला, काच लावली आणि आधी तिलाच बघायला दिलं. तिनं पाहिलं. काच सरकवून पुन्हा पाहिलं. मग वीरभद्रप्पांना बोलावलं. तेही वाकले.

"वैनी, हे येगळंच हाय," ते म्हणाले. "तांबडं तांबडं."

मी त्यांना बाजूला करून घाईघाईनं डोळा लावला. पेशी कुठं दिसतच नव्हत्या. जिकडंतिकडं डोंगराएवढाले लालभडक कण पसरले होते. सकाळपासून मी प्रत्येकाला आधी चूळ भरायला लावत होतो. स्वतः मात्र ईश्वरप्पांच्या घरी कांदा आणायला माणूस गेला, त्याच्याबरोबर आलेली भाकरी तशीच उभ्या उभ्या खाऊन कामाला लागलो होतो.

"शेंगाची चटनी हाय ती," निंगव्वा माझ्या हातात तांब्या देत म्हणाली. "जावा, चूळ भरून या. आमी थांबतो."