उजव्या गुडघ्याची गोपनीयता

सदाभाऊ कुलथ्यांच्या उजव्या गुडघ्याने परवा व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना सांगितलं, की मला तुमच्याशी एकट्याने बोलायचंय. मी शेजारून वाटी परत द्यायला गेले होते, म्हणून समोरच होते. वाटी नसती तरी असतेच म्हणा.

"बरोबर आहे," फोनमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं गुडघ्याचं, म्हणजे पेशंट गुडघा. त्याच्या संमतीशिवाय मला कुणासमोर बोलता येत नाही. सदाभाऊ, तुम्ही बाहेर व्हा."

"अहो, बाहेर कुठे होऊ? तो मला जोडलाय!"

सदाभाऊंचा जीव टांगणीला लागला होता. रविवारी नातीची वरात. आजोबा नाचले नाहीत तर गाडीतून उतरणारच नाही, असं तिने बजावलेलं. नाचता येईल की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"फोन धरायला, दाबून बघायला विश्वासाचं माणूस लागेल," डॉक्टर गुडघ्याला म्हणाल्या. "कोण हवं?"

"मंदावहिनी," गुडघा करकरला. म्हणजे मी.

"ह्या?" सदाभाऊंची बायको शालिनी उसळली. "त्यापेक्षा गच्चीवर भोंगा लाव!"

"'काय म्हणतोय गुडघा?' असं ह्या रोज जिन्यात विचारतात," गुडघा म्हणाला. "उत्तर मात्र दरवेळी सदाभाऊच देतात."

मग नियमाप्रमाणे सगळं झालं. सदाभाऊ कानात कापूस घालून पॅसेजमध्ये खुर्चीवर बसले, उजवा पाय तेवढा पडद्यातून आत. शालिनीने रिकामा मिक्सर चालू ठेवला. मी फोन धरला आणि सगळं ऐकलं.

"वहिनी, नाचू का नको?" पडदा सरकवताच सदाभाऊंनी विचारलं.

"गुडघ्याला विचारा."

"तो बोलत नाही हो माझ्याशी!" त्यांनी फोन हिसकावला. "डॉक्टर, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं ना? मग मी दुसराच झालो की!"

"तुमच्या जिवाला काही धोका नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच तर सांगता येत नाही."

रविवारी बँड सुरू झाला. सदाभाऊ माझ्याकडे बघत राहिले, मी बँडवाल्यांकडे. तेवढ्यात उजवा गुडघा आधी उचलला गेला आणि त्याच्या मागोमाग सदाभाऊ. नात गाडीतून उतरून त्यांच्या गळ्यात पडली.

जेवताना शालिनीने मला दोनदा बासुंदी वाढली आणि जवळ येऊन बसली. बासुंदी मी प्यायले. सांगितलं काही नाही.

तुम्हीही मला विचारू नका. संमती गुडघ्याची लागते, आणि तो अजून नाचतोय.