कोसभर हाक

"हाक हे काय माप झालं?" मोजणीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "कुणाची हाक? सर्दी झालेल्याची की धडधाकट माणसाची?"

वाचनालयात दर गुरुवारी जुने ग्रंथ वाचायला पाच-सहा मंडळी जमत. मास्तर वाचत, बाकीचे माना डोलावत. त्या दिवशी ग्रंथातला कुणी एक म्हातारा कोसभर चालून आपल्या माणसांकडे गेला आणि साहेबांनी विचारलं, "कोसभर म्हणजे किती मीटर?" मास्तर म्हणाले, एक टीकाकार काही सांगतो, दुसरा त्याच्या दुप्पट. पण मूळ शब्द 'क्रोश', त्याचा अर्थ हाक. माणसाची हाक जिथवर ऐकू येते, तो कोस.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

"रविवारी सकाळी मोजून दाखवतो," ते म्हणाले.

रविवारी त्यांनी माळ्यावरून मोजणीचं चाक काढलं, त्याला तेल दिलं आणि बायकोला गच्चीवर उभं केलं. "दर दोन मिनिटांनी हाक मारायची. मी चालत जातो. ऐकू येईनाशी झाली की कोस संपला."

"हाक काय मारू?"

"काहीही मार. 'अहो' म्हण."

पहिल्या 'अहो'ला रस्त्यावरचे तीन नवरे थबकले आणि चौथा मुकाट घरी परत गेला. साहेब पुन्हा गच्चीखाली आले. "हे चालायचं नाही. नाव पाहिजे."

"मग ठकी म्हणते," बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

ठकी म्हणजे त्यांची मुलगी. साहेबांनी खटपट करून मोजणी कार्यालयात लावून दिलेली नोकरी तिनं दोन वर्षांपूर्वी सोडली आणि पुलापलीकडे बेकरी काढली. वर ऐकवलं होतं, की पीठसुद्धा मी डोळ्यांच्या अंदाजानं घेते! साहेबांचा पारा चढला. "जायचं तर जा. मी हाक मारणार नाही." ती गेली. साहेब शब्दाचे पक्के. ते कुणी मागितलेलं नसतानाही पक्के राहिले, आणि रोज संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की पेपर खाली करून बघत राहिले.

"चालेल," ते चाकाकडे बघत म्हणाले. "शेवटी 'ई' आहे. लांब जाईल."

रस्ते चार होते. वाऱ्याची दिशा वगैरे पुटपुटत साहेबांनी पुलाचा धरला. दोनशे मीटर, ठकीऽऽ. चारशे मीटर, ठकीऽऽ. सहाशेला आवाज अगदी बारीक झाला आणि साहेबांची पावलं आखूड पडू लागली. आणखी शंभर पावलांवर तो तुटणार. मग परत फिरावं लागेल. पूल अजून पुढेच होता.

पण सातशेवर हाक चक्क मोठी झाली! साहेब चक्रावले. तेवढ्यात पेपरवाला सायकल दामटत आला.

"साहेब, इथं काय फिरताय? तुमची मुलगी हरवलीय! बाई गच्चीवरून ओरडतायत, सगळी गल्ली शोधायला निघालीय. किती वर्षांची आहे?"

"एकतीस," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

पेपरवाला जरा अडखळला, पण कामाचा माणूस होता. "अंगावर काय होतं?"

"निळा कुडता. हातात खाकी बॅग."

"शेवटची कधी दिसली?"

साहेबांना प्रयोगाचं सांगायचं होतं. पण खरं तेच बाहेर आलं. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि आज शोधताय?" पेपरवाल्यानं घंटी वाजवली आणि पुढे जाता जाता स्वतःच बोंब ठोकली, "ठकीऽऽ!"

पुलावर इस्त्रीवाला होता, त्याच्यामागे शाळेची शिपाईणबाई, तिच्यामागे निवृत्त हवालदार शिट्टी फुंकत. सगळे ठकीला हाका मारत होते. साहेबांचं चाक मात्र आपलं टकटक करत पुढे चाललं होतं. ते थांबलं एक हजार तीनशे चाळीसवर, बेकरीच्या दारात. वर दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली.

"कोण हरवलंय?"

"ठकी!" सगळे एका सुरात.

"ठकी मीच."

"सापडली!" हवालदारांनी शिट्टी वाजवली. मग तिचं वय बघून मंडळी ओशाळली आणि मोजणीसाहेबांच्या डोक्याविषयी बोलत पांगली. खाली साहेब आणि चाक उरलं.

ती बारीक झाली होती. कोपरापर्यंत पीठ होतं.

"बाबा, तुम्ही हाक मारणार नव्हतात."

"मी कुठं मारली? आई मारतेय. अख्खं गाव मारतंय. मी कोस मोजतोय."

"मोजा मग." तिनं हाताची घडी घातली. हट्ट नेमका त्यांच्यावर गेला होता.

साहेबांनी चाकाकडे पाहिलं. आकड्याकडे पाहिलं. मग मान वर केली आणि तोंड उघडलं. शेजारच्या खांबालाही ऐकू गेलं नसेल.

"काय?"

"ठके," साहेब म्हणाले, "घरी ये गं. करमत नाही."

खिडकी रिकामी झाली. जिन्यात चपला वाजू लागल्या आणि साहेबांनी खिशातला रुमाल काढून उगाचच चाक पुसायला घेतलं.

गुरुवारी मास्तरांनी वहीच उघडून ठेवली होती. "हं, किती भरला कोस?"

"सात मीटर. बेकरीच्या दारापासून वरच्या खिडकीपर्यंत," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात बेकरीचा खोका होता आणि ते प्रत्येकाला एकेक बिस्कीट वाटत होते.

"बस? हाक फक्त सात मीटर जाते?"

"माझा आवाज तेवढाच निघाला, मास्तर. पण पोचली."