सुमारे एक दिवस

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली आणि जावईबापूंचा जीव टांगणीला लागला. बंद जागेची त्यांना लहानपणापासून धास्ती. शेजारी सासूबाई, पायाशी त्यांची बॅग. दोन आठवडे राहून सासूबाई आज परत निघाल्या होत्या आणि जावईबापू त्यांना स्टेशनवर सोडायला मोठ्या उत्साहाने निघाले होते. उत्साह जरा जास्तच दिसत होता म्हणा.

तरी एक आधार होता. लिफ्ट अडकली की पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागेल, ते दारावरची पाटी सांगायची, आणि त्या पाटीचं सॉफ्टवेअर खुद्द जावईबापूंनी लिहिलं होतं. नुसते आकडे बघून माणूस बिथरतो, म्हणून त्यांनी आकड्यांचं साध्या बोलीत रूपांतर केलं होतं: ‘काही सेकंद’, ‘सुमारे पाच मिनिटं’. अडकलेल्याला धीर यावा, एवढाच हेतू.

पाटी उजळली. ‘सुमारे एक दिवस.’

दुसऱ्या कुणाचं काम असतं तर जावईबापूंनी शंका घेतली असती, पण स्वतःच्या कोडवर शंका घेणाऱ्यांतले ते नव्हते. फोनला रेंज नव्हती. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

सासूबाईंचा चष्मा बॅगेत होता. काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. जावईबापूंनी सांगितलं. आणि आता मरायच्या वेळी खोटं कशाला, म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. पाहुण्यांच्या खोलीला ओलबिल काही आलेली नव्हती. सासूबाई महिनाभर राहतील या भीतीने त्यांनीच तिला कुलूप घातलं होतं, आणि बिचाऱ्या दोन आठवडे सोफ्यावर झोपल्या होत्या.

“किल्ली माझ्या खिशात आहे. मला माफ करा, आई,” ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात लिफ्ट हलली, खाली आली आणि दार उघडलं.

“दीड मिनिटात सुरू झाली, साहेब,” बाहेरचा वॉचमन म्हणाला.

आता कुठे जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टचं यंत्र सेकंदाचे हजार भाग करून मोजायचं. त्या आकड्याला हजाराने भागायचं ते साफ विसरले होते.

सासूबाईंनी शांतपणे हात पुढे केला, किल्ली घेतली आणि बॅग उचलून जिन्याकडे वळल्या.

“आई, गाडी चुकेल.”

“चुकू दे.”

“मग... आता किती दिवस?”

“तुमच्या पाटीवर होतं ना जावईबापू, तेवढंच. सुमारे एक दिवस.”

जावईबापूंनी मनातल्या मनात हजाराने गुणून पाहिलं. पावणेतीन वर्षं होत होती.