झिपरू अस्वलाचा पडदा

एका जंगलात, पोरांनो, झिपरू नावाचं अस्वल होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला तिथं जायचंही नाही.

झिपरूचं पोट श्वासावर चालायचं. वारूळ उकरायचं, जोरात फुंकून माती उडवायची, मग तोंड लावून वाळवी सुर्रकन ओढायची. आवाज असा की अर्धा डोंगर म्हणायचा, जेवला मेला.

एकदा तिथं एक वानर आलं. शहरातल्या दवाखान्याच्या खिडकीत पावसाळाभर बसलेलं, म्हणून शिकलेलं. त्यानं विचारलं, "श्वास कसा घेतोस रे?"

"घेतो आपला."

"आपला? अरे, छातीखाली पडदा असतो. तो खाली सरकला की फुफ्फुसं फुगतात, हवा आत येते. आत बारीक बारीक फुगे. तिथं रक्त चांगली हवा घेतं, वापरलेली टाकतं. पडदा वर गेला की ती बाहेर. एवढा कारखाना, आणि तुझं लक्षच नाही?"

वानर बोललं ते खरं होतं. तीच पंचाईत झाली.

झिपरू घाबरला. वारुळापाशी गेला, तर पडदा खाली, पडदा वर, असं घोकता घोकता फुंकायच्या जागी ओढून बसला. नरड्यात पसाभर माती. रोज तेच. झोपही गेली. झोपल्यावर पडदा कोण हलवणार?

बायको ठकी म्हणाली, "अहो, इतकी वर्षं घोरत होतात, तेव्हा काय मी हलवत होते?"

"तेव्हा पडदा असतो हेच माहीत नव्हतं ना."

उपाशी, जागा, शेवटी भर दुपारी वारुळावरच आडवा झाला. "ठके, गेलो मी," म्हणाला आणि घोरायला लागला. उठला तर श्वास चालूच. भूक एवढी की विचाराला सवड नव्हती. फुंकलं, ओढलं, वारूळ साफ.

मग तणतणत वानराकडे गेला. "गुरुजी, मी काहीच करत नाही, तरी श्वास चालतो."

वानर जमलेल्या जनावरांकडे वळलं. "बघा. माझ्या शिकवणीनं याचा श्वास आपोआप चालू लागला."

झिपरूनं डोकं खाजवलं. मग वानराचे पाय धरले.

"उद्या काळीज कसं धडधडतं ते शिकू," वानर म्हणालं.

झिपरू पहिल्या रांगेत बसला. ठकी एकटीच वारुळाकडे निघाली. घरात एक तरी धडधाकट राहायला हवं.

तात्पर्य: ज्ञानानं कुणी मरत नाही, फक्त जेवण बुडतं. तरी गुरूला नारळ द्यावा. रिकाम्या हातानं गेलात, तर तो आणखी समजावील.