नवरंग विलंबाने धावत आहे

आमच्या मेश्राममावशी बोलत नाहीत, जाहीर करतात.

रविवारी सकाळी मी दात घासत असतो आणि शेजारच्या खिडकीतून आवाज येतो, "यात्रीगण कृपया ध्यान दें! भंडारा से चलकर, कढ़ीपत्ते के रास्ते आने वाले तर्री-पोहे थोड़ी ही देर में मास्टरजी के बरामदा नंबर एक पर आ रहे हैं!" मिनिटभरात कुंपणावरून ताटली येते. मावशींच्या पोह्यांना आजवर कधी उशीर झालेला नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. जयपुरात, गोपालपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि तिथेच प्रताप नगरमध्ये भाड्याने राहतो. मावशींचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या. जयपूर स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारा जो आवाज असायचा, तो तीस वर्षं त्यांचा होता. पुढे कॉम्प्युटर आला आणि मावशींना उरलेली नोकरी कागदांवर शिक्के मारण्यात काढावी लागली. "मशीन चांगली आहे जी," त्या म्हणतात, "पण तिले खेद होत नाही. नुसतं म्हणते, हमें खेद है."

जाहीर करायचं काही नसलं की मात्र हाच आवाज पुटपुटण्याइतका होतो. पाहुणे आले की मावशी स्वयंपाकघरात. कॉलनीतलं लग्न असलं की आहेर माझ्या हातात देऊन स्वतः घरी. बंद खोलीत बसून हजारो माणसांशी बोलायची सवय लागलेल्या बाईला समोर एक माणूस उभा राहिला तरी गर्दी वाटते.

आता नवरंगाचं. आमच्या घरांमागे एक मोकळा तुकडा आहे. चार भोकराची झाडं (इथे त्यांना लसोडा म्हणतात), एक जुना कडुनिंब, खाली झुडपं आणि घोट्यापर्यंत पाचोळा. दरवर्षी जून सरता सरता तिथे नवरंग उतरतो. मुठीएवढा पक्षी, पाठ हिरवी, खांद्यावर निळं, पोटाखाली लालभडक, शेपूट नावापुरतं. एवढे रंग अंगावर घेऊन हा पठ्ठ्या लपून बसतो! पाचोळ्यात टुणटुण चालत पानं उलटतो, किडे खातो, आणि पहाटे नि तिन्हीसांजेला मान मागे टाकून दोन सुरांची शीळ घालतो: वीऽट-ट्यू. थंडीत तो पार दक्षिणेला, श्रीलंकेपर्यंत असतो. पावसाच्या पुढे पुढे उत्तरेला निघतो. आमच्याकडे आठवडाभर थांबून शहरालगतच्या झालाण्याच्या जंगलात जातो, तिथे घरटं करतो.

मावशींचे वडील भंडाऱ्याकडच्या जंगलातल्या एका छोट्या स्टेशनावर गँगमन होते. तिथे ही शीळ त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. "तो 'आलोऽ-जी' म्हणते," असं त्या सांगतात. मला ते 'आलो जी' कधी ऐकू आलं नाही, पण मी साताऱ्याचा.

कॉलनीच्या विकास समितीचे अध्यक्ष चौधरीजी. भला माणूस, पण पेवर ब्लॉक दिसला की त्याला आध्यात्मिक समाधान मिळतं. यंदा मे महिन्यात त्यांनी ठरवलं, मागचा कचरा साफ करून तिथे ब्लॉक बसवायचे आणि गाड्या लावायच्या. मावशी कधी नव्हे त्या समितीच्या बैठकीला गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"वो कचरा नहीं है," त्या म्हणाल्या. "वो पाचोळा है."

पुढे बोलायचं धैर्य सरलं म्हणून त्या घरी आल्या आणि एका पत्र्यावर रंगाने लिहिलं, 'यह पाचोळा है. झाड़ू न लगाएँ.' तो पत्रा कडुनिंबाला बांधला.

घोटाळा इथे झाला. राजस्थानी माणसाला 'ळ' मुळीच जड जात नाही. कॉलनीने तो शब्द अगदी शुद्ध उच्चारला, फक्त अर्थ कुणाला माहीत नव्हता. झाड, झाडाला पाटी, झाडू मारायला मनाई, आणि राखणीला एक अबोल म्हातारी. तिसऱ्या दिवशी बुंध्याशी नारळ आला. आठवड्यात पूजेचा लाल धागा, अगरबत्ती आणि शेंदूर. गुरुवारी खुद्द चौधरीजी चपला काढून आत आले आणि त्यांनी हळूच मला विचारलं, "मास्टरजी, ये पाचोळा महाराज... आपके उधर के हैं?"

मी 'हो' म्हणणारच होतो! एका नारळात प्रश्न मिटत होता. पाचोळा महाराजांच्या स्थानावर ब्लॉक बसवायची कुणाची छाती नव्हती. पण मावशी ताडताड आल्या, नारळ उचलून चौधरीजींच्या हातात दिला आणि शेंदूर पदराने पुसून काढला.

"यहाँ कोई महाराज नहीं है. एक पंछी उतरता है. बस."

"काहून सांगितलंत?" मी नंतर कपाळावर हात मारून विचारलं. एव्हाना माझ्याही तोंडात त्यांची बोली बसली होती.

"देव म्हणून नाही वाचवाचं मले," त्या म्हणाल्या. "पाचोळा म्हणून वाचला तर वाचला."

लोक त्यांना वेडी म्हणाले. म्हणू देत. हातात आलेला देव परत करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

चौधरीजी मात्र दुखावले. हात जोडलेल्या माणसाला ते हात एका पक्ष्याला जोडले होते असं सांगणं सोपं नसतं. त्यांनी फर्मान काढलं: पक्षी असेल तर दाखवा. जुलैच्या पहिल्या रविवारपर्यंत तो आला तर जागा तशीच राहील, नाही आला तर सोमवारी सकाळी ब्लॉक.

आणि यंदाच नवरंगाचा पत्ता नाही. जून संपला. मावशी रोज उन्हं उतरली की प्लॅस्टिकचा स्टूल घेऊन पाचोळ्याच्या कडेला बसायच्या आणि सबंध कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "दक्षिण से आने वाला नवरंग अपने निर्धारित समय से चार दिन विलंब से चल रहा है. असुविधा के लिए हमें खेद है." दुसऱ्या दिवशी पाच दिवस. मग सहा. लोक आधी हसले, मग गच्चीवरून ऐकू लागले, मग खुर्च्या घेऊन खाली येऊ लागले.

"मावशी, कशाला घसा फोडता?"

"गाडी उशिरा असली की गप्प नाही बसाचं, मास्तर. लोकं उठून जातात."

शनिवारी माझा धीर सुटला. मला शीळ उत्तम येते. म्हटलं, "उद्या मी झुडपामागे बसतो. दोन शिळा घालतो. कुणाला कळणार?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. "तीस वर्षं झाले, न आलेली गाडी आली म्हणून मी कधी सांगतली नाही."

रविवारी पन्नासेक माणसं जमली. चौधरीजी हात मागे बांधून उभे. गेटपाशी ब्लॉकची ट्रॉलीसुद्धा येऊन थांबलेली. कुणीतरी कचोऱ्या आणल्या होत्या. मावशी उभ्या राहिल्या. "दक्षिण से आने वाला नवरंग अपने निर्धारित समय से ग्यारह दिन..."

वीऽट-ट्यू.

माझी शीळ कॉलनीला ठाऊक; पन्नास माना माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडात अख्खी कचोरी होती. इतका निर्विवाद पुरावा मी आयुष्यात दिलेला नाही.

वीऽट-ट्यू. भोकराच्या मागून, अगदी जमिनीलगत. चौधरीजींनी पानं वाजू नयेत म्हणून मोजड्या काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर निघाले. त्यांच्यामागे सगळी कॉलनी. झुडपाशी पोचल्यावर त्यांनी मागे न बघता ट्रॉलीवाल्याला हाताने 'जा' अशी खूण केली. तेव्हा कुठे मी ती कचोरी गिळली.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्या परत स्टुलावर बसल्या होत्या.

"चला की, मावशी! तुमचा पाहुणा."

"मी ऐकलं ना. तुम्ही जा." मग खाली बघत म्हणाल्या, "जाऊ द्या सगळ्यायले. इतक्या लांबून येऊन बोलून राहिलं बिचारं. कोणीतरी जाऊन पाहाले पाहिजे, कोण बोलते म्हणून. मी तीस वर्षं त्या खोलीत बसली, मास्तर. एक माणूस आला नाही पाहाले."

मी त्यांच्या स्टुलाशेजारी पाचोळ्यातच बसकण मारली आणि म्हटलं, "मावशी, अनाउन्समेंट राहिली."

त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला. पक्षी बिचकू नये म्हणून आवाज इतका खाली आणला की तो मला एकट्यालाच ऐकू आला. "यात्रीगण कृपया ध्यान दें. दक्षिण से आने वाला नवरंग प्लेटफॉर्म पर आ चुका है."

नवरंग मी त्या दिवशी पाहिलाच नाही. मी मावशींकडे बघत होतो.